घरातल्या फजितीवर आधी कोणी हसावे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत घरातील ताणतणावांवर वेळोवेळी लेख येतात आणि त्यांत प्राणायामापासून समुपदेशनापर्यंत अनेक उपाय सुचवलेले असतात. त्या उपायांबद्दल माझी तक्रार नाही. परंतु घर चालवणाऱ्या माणसाचा रोजचा ताण बहुतेक वेळा तुंबलेली मोरी, न आलेले पाणी, ऐन स्वयंपाकात संपलेला सिलिंडर अशा किरकोळ गोष्टींतून साठत जातो, आणि त्यावर आपल्या घरांत पिढ्यानपिढ्या चालत आलेला उपाय, म्हणजे झालेल्या फजितीवर सगळ्यांनी मिळून हसणे, याची दखल क्वचितच घेतली जाते. हे हसणे केव्हा दिलासा देते आणि केव्हा मनाला लागते, याविषयी मला लिहायचे आहे.

यंदाच्या जुलैतील एक आठवडा आमच्या घरी अशा फजितींचाच गेला. पावसाच्या दमटपणाने न्हाणीघराचे लाकडी दार फुगले आणि सोमवारी सकाळी, सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई आत असताना, ते चौकटीत असे घट्ट बसले की आतून ओढून आणि बाहेरून ढकलूनही हलेना. सुतार फोनवर ‘निघालोच’ एवढेच सांगत होता. बाहेर आम्ही सगळे घाबरून एकमेकांना सूचना देत असताना सासूबाई आतून शांतपणे म्हणाल्या, “घाई करू नका, मी पाटावर बसले आहे. चहा झाला असेल तर मात्र बशीत ओतून दाराखालच्या फटीतून सरकवा.” बाहेरची सगळी घाबरगुंडी त्या एका वाक्याने उतरली. शेवटी शेजारच्या काकांनी पटाशीने दाराची कड तासली आणि त्या हसतच बाहेर आल्या.

त्यानंतर वॉशिंग मशीनच्या फिल्टरमध्ये सेफ्टी पिन अडकून पाणी निघेनासे झाले, आणि त्या साचलेल्या पाण्यात मुलाच्या नव्या लाल टी-शर्टाने रंग सोडल्यामुळे यजमानांचे पांढरे शर्ट गुलाबी झाले. त्यांतलाच एक घालून ते कामावर निघाले तेव्हा मुलगी म्हणाली, “बाबा, आज डब्यात गुलकंद नको, तुम्हीच आहात!” आणि यजमान जिना उतरेपर्यंत हसत होते.

सर्वांत मोठा प्रसंग गुरुवारी घडला. तुरीच्या डाळीचा फेस कुकरच्या शिट्टीखालच्या नळीत अडकला, वाफेला वाट मिळेना आणि सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला. कुकरमध्ये दाब बाहेरच्या हवेच्या जवळजवळ दुप्पट होतो, त्यामुळे आतील पाणी साधारण 120 अंश सेल्सियसपर्यंत तापते आणि डाळ लवकर शिजते. हा दाब व तापमान प्रमाणाबाहेर वाढले तर व्हॉल्व्हमधील मिश्रधातू वितळतो आणि वाफ तेथून निसटते, म्हणूनच झाकण उडत नाही. व्हॉल्व्हने आपले काम चोख केले आणि सुदैवाने ओट्यापाशी तेव्हा कोणी नव्हते. पण वाफेबरोबर वरणही छतापर्यंत गेले होते. शिजवलेले सगळे वाया गेलेले, जेवणाची वेळ झालेली, भिंतीवरून पिवळे ओघळ येत असलेले, अशा स्थितीत मला रडू कोसळणार होते. तेवढ्यात सासूबाई छताकडे पाहत म्हणाल्या, “गुरुवार होता ना, आज छताचाही उपास सुटला.” मला हसू फुटले आणि मग आवरेना.

मात्र पुढे जे घडले ते मला त्या वाक्याइतकेच महत्त्वाचे वाटते. यजमानांनी हसता हसताच स्टूल ओढले आणि फडके घेऊन ते छत पुसू लागले. मुलाने बादली आणली, मुलीने पोह्यांसाठी कांदा चिरायला घेतला. तेच वाक्य कोणी सोफ्यावरून न उठता उच्चारले असते आणि छत पुसण्याचे काम मी एकटीने केले असते, तर तो विनोद माझ्या मनात कित्येक दिवस सलत राहिला असता. बोलणाऱ्या सासूबाईंनी स्वतः याच ओट्यापाशी उभे राहून आयुष्य काढले आहे, हेही मला त्या क्षणी जाणवत होते.

हे केवळ माझ्या घरापुरते नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने 2019 मध्ये केलेल्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, भारतात विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी 299 मिनिटे देतात, तर जे पुरुष असे काम करतात ते सरासरी 97 मिनिटे. याचा अर्थ असा की घरात काही बिघडते, सांडते, तुंबते तेव्हा ते बहुधा बाईच्या वेळेतून निस्तरले जाते. म्हणून झालेल्या फजितीत विनोद दिसणे हा मोठा गुण असला, तरी त्यावर पहिल्यांदा हसण्याचा हक्क ज्याला ती निस्तरायची आहे त्याचा आहे, असे माझे ठाम मत आहे. इतरांनी त्याच्या मागून हसावे, आणि हसताना हातात फडके असावे. बायकोचा स्वयंपाक आणि आईचा विसरभोळेपणा यांवरचे जे विनोद सकाळ-संध्याकाळ व्हॉट्सॲपवर फिरत असतात, त्यांत हा क्रम उलटा झालेला असतो, आणि ते वाचून घरातल्या बाईला हसू येत नाही याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही.

आपल्या मुंबईतील एक उदाहरण येथे देण्यासारखे आहे. डॉ. मदन कटारिया यांनी 13 मार्च 1995 रोजी येथील एका उद्यानात अवघ्या पाच जणांना घेऊन पहिला हास्यक्लब सुरू केला. आरंभी सभासद आळीपाळीने विनोद सांगत. पण थोड्याच दिवसांत चांगले विनोद संपले, दुखावणारे विनोद येऊ लागले आणि काही सभासदांनी तक्रार केली. तेव्हा विनोद सांगणे थांबवून एकत्र हसण्याचे व्यायाम सुरू झाले, आणि त्याच रूपात ही चळवळ जगभर पसरली. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानेही रस्त्यांवर, बाजारांत माणसांचे हसणे टिपून दाखवले होते की बहुतेक हसणे कोणत्याही विनोदानंतरचे नसते, साध्या बोलण्यात सोबतीमुळे उमटलेले असते, आणि माणूस एकटा असण्यापेक्षा इतरांबरोबर असताना सुमारे तीस पट अधिक हसतो. वरण छताला लागलेले पाहून मी घरी एकटी असते, तर मला हसू आले असते असे वाटत नाही.

गॅसचा वास येत असेल तेव्हा मात्र हसण्यात क्षणही घालवू नये. विजेचे कोणतेही बटण न दाबता रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, बाहेर पडून 1906 या आपत्कालीन क्रमांकावर कळवावे.

शेवटी एक विनंती. आपल्या पुरवणीत पाककृतींसाठी जागा असते, तशी वाचकांच्या घरातील फजितींसाठीही आठवड्यातून एक छोटी चौकट ठेवावी. तिच्यात स्त्रियांनी लिहावे आणि पुरुषांनीही लिहावे. प्रत्येकाने काय सांडले, कोण काय म्हणाले हे तर सांगावेच, पण नंतर ते कोणी पुसले हेही लिहिण्याची अट आपण घालावी. ही चौकट सुरू झाली, तर पहिले पत्र आमच्या सासूबाई पाठवतील. न्हाणीघराच्या दाराची हकिकत त्यांना स्वतःच्या शब्दांत लिहायची आहे.

आपली विश्वासू,
एक गृहिणी, डोंबिवली