म्हाताऱ्या पेशींच्या नावाने गोळ्या

महोदय,
सकाळी जॉगिंग ट्रॅकवर एकाने आईला कॅप्सूलची डबी विकली, म्हणे म्हाताऱ्या पेशी साफ होतात आणि गुडघे मोकळे होतात, आत काय तर क्वेर्सेटिन, आपल्या लासलगावच्या कांद्यात असतं तेच. संशोधन खरंय हो, काही पेशी विभागायच्या थांबतात पण मरत नाहीत, आजूबाजूला सूज वाढवणारी रसायनं सोडत राहतात, २०११ मध्ये उंदरांमधून त्या काढल्या तर स्नायू जास्त टिकले. पण माणसांवरच्या चाचण्या अजून छोट्याच आहेत, आणि त्यात बऱ्याचदा सोबत डासाटिनिब देतात, जे ब्लड कॅन्सरचं औषध आहे, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. आईला बीपी-शुगरच्या गोळ्या चालू आहेत, डबी देताना कोणी साधं विचारलंही नाही. अन्न व औषध प्रशासनाने अशी विक्री तपासावी, प्लीज.
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक