पंचांगाच्या चौकटीत आमची दारफळणीही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात आतल्या पानावर रोज 'आजचे पंचांग' ही चौकट येते. तिथी, नक्षत्र, सूर्योदय, सूर्यास्त आणि खाली त्या दिवसाचा सणवार. एकादशी, ईद, नाताळ, पतेती, महावीर जयंती, बुद्धपौर्णिमा हे सगळं मी त्या चौकटीत कित्येक वर्षं वाचत आले आहे. माझी विनंती अशी की यंदा सोमवार, २१ सप्टेंबर २०२६ रोजी तिथे आणखी दोन शब्द छापावेत: 'दारफळणी (ज्यू)'. दारफळणी म्हणजे आम्हा ज्यूंचा उपासाचा सण. नागपुरात आमची घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, मग हे कशाला, असं आपल्याला वाटू शकेल. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू. माहेर पेणजवळचं. १९७६ साली लग्न होऊन नागपुरात आले. यजमान रेल्वेत होते, त्यामुळे पहिली बरीच वर्षं अजनीच्या क्वार्टरमध्ये गेली आणि आता घरही त्याच बाजूला आहे. ते गेल्यापासून मी मुलाकडे असते.

२०२३ साली माझी नात सातवीत होती. त्या वर्षी तिला बारा पूर्ण झाली. आमच्यात मुलगी बाराची आणि मुलगा तेराचा झाला की धर्माचे नियम त्याला स्वतःला लागू होतात. तेव्हा दारफळणीचा पूर्ण उपास करायचं तिचं ते पहिलंच वर्ष. दारफळणी सोमवारी, २५ सप्टेंबरला होती आणि नेमकी त्याच दिवशी गणिताची घटक चाचणी. त्या दिवशी आम्ही लिहीत नाही, वाहनात बसत नाही, विस्तव पेटवत नाही. शाळेला आठ दिवस आधी चिठ्ठी दिली होती. मग मी स्वतः गेले. बाई समजूतदार होत्या. म्हणाल्या, "आजी, मला तं पटते, पण ऑफिसवाले म्हणतात कॅलेंडरमधी दाखवा." घरी येऊन भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं, शेजारच्या वहिनींकडचं पाहिलं, त्या दिवसाचा आपला अंकही जपून ठेवून नंतर पाहिला. कुठेच नव्हतं. चाचणीत शून्य लागलं. शाळेचं नाव मी लिहीत नाही, कारण बाईंवर माझा राग नाही. त्यांनी पुरावा मागितला आणि माझ्याजवळ छापील पुरावा नव्हता.

पुढची दोन वर्षं निभावली. २०२४ साली दारफळणी १२ ऑक्टोबरला आणि २०२५ साली २ ऑक्टोबरला आली. दोन्ही वेळा त्याच दिवशी दसरा होता, सुट्टी होती. गेल्या वर्षी नात म्हणाली, "बरं झालं आजी, आता कोणाला सांगायलाच नको." तिचा सुटकेचा सूर ऐकून मला रात्रभर झोप लागली नाही. पन्नास वर्षांत या शहरात मला माझा सण लपवावासा कधी वाटला नव्हता.

दसरा आणि दारफळणी एकत्र येणं हा योगायोग नाही. आमचे महिनेही चंद्राचे. तिश्री महिन्याच्या पहिल्या तिथीला आमचं नवं वर्ष आणि दहाव्या तिथीला दारफळणी. म्हणजे ही नेहमी शुद्ध दशमीच्या मागेपुढेच पडते. बारा चांद्र महिन्यांचे दिवस साधारण ३५४ होतात, म्हणून सूर्याशी मेळ घालायला आमच्याकडेही अधिक महिना घालतात, एकोणीस वर्षांत सात वेळा. फरक इतकाच की आमचा अधिक महिना ठरलेला असतो, तो अदार, फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येतो. २०२३ मध्ये अधिक श्रावण पावसाळ्यातच येऊन गेला होता आणि आमचा अधिक अदार पुढच्या वर्षी यायचा होता, त्यामुळे दारफळणी महिनाभर आधी, गणपतीच्या दिवसांत आली. यंदाही तसंच आहे. अधिक ज्येष्ठ होऊन गेला, आमचा अधिक महिना २०२७ मध्ये, म्हणून दारफळणी भाद्रपदात. ज्यांना पंचांग कळतं अशा आपल्या वाचकांना हे समजायला दोन मिनिटंही लागणार नाहीत.

आणखी एक गोष्ट. आमचा दिवस संध्याकाळी सुरू होतो. म्हणून २१ तारखेची दारफळणी खरं तर रविवारी २० तारखेला सूर्य मावळताना लागते. त्या सुमारास नागपुरात सहा-दहाला सूर्यास्त होतो, तेव्हा साडेपाचपर्यंत जेवणं उरकतात. मग दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत अन्न नाही, पाणी नाही. चामड्याचं पायताण नाही. पांढरे कपडे. आईच्या घरी त्या दिवशी दार लावून घेत, बाहेरच्याशी बोलणं नसे. त्या लावलेल्या दारावरूनच हे नाव पडलं असं आजी सांगे. आदल्या दिवशी घरातले गेलेले पूर्वज भेटायला येतात, अशी तिची श्रद्धा होती. सगळं जग या दिवसाला योम किप्पूर म्हणतं, पण आम्हाला ते नाव शाळेत गेल्यावर कळलं. दुसऱ्या दिवशी शिळा सण, त्या दिवशी गरिबाला दान आणि नातेवाइकांकडे जाणं. दारफळणीच्या शेवटच्या प्रार्थनेला नेइला म्हणतात. त्या शब्दाचा अर्थही दार लावणं असाच आहे. एकत्र प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, ते नागपुरात जमत नाहीत. यजमान होते तोवर आम्ही विदर्भ एक्स्प्रेसने ठाण्याला जायचो, तिथल्या १८७९ च्या शाअर हाशामायिम सिनेगॉगमध्ये, म्हणजे आमच्या प्रार्थनामंदिरात. आता मी घरीच मराठीतून वाचते. गेल्या वर्षी दार लावून बसले होते आणि रस्त्यावरून दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या माणसांचा आवाज दिवसभर येत होता. लहान मुलांना खांद्यावर घेऊन, गावोगावहून आलेली माणसं. मला एकटं वाटलं नाही, हे मनापासून लिहिते.

चौकटीत 'योम किप्पूर' न छापता 'दारफळणी' छापा, असा माझा आग्रह आहे. ही नावं मराठीत जन्मली आणि मराठीतच राहिली आहेत. नवं वर्ष म्हणजे नव्याचा सण. पुरीम म्हणजे होळीचा सण, कारण तो फाल्गुनी पौर्णिमेच्या आसपास येतो आणि त्या दिवशी आमच्या घरी पुरणपोळी होते. जेरुसलेमचं मंदिर पाडलं गेलं त्या शोकाचा उपास म्हणजे बिरड्याचा रोजा, कारण तो सोडताना वालाचं बिरडं करतात. गेल्या महिन्यात २३ जुलैला तो झाला. नागपुरात कडवे वाल मिळवायला मला इतवारीत दोनदा जावं लागलं.

आमच्या पूर्वजांना अलिबागकडे शनिवार तेली म्हणत. घाणा चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे. गावाला त्यासाठी कुठलंही कागदपत्र दाखवावं लागत नव्हतं, शनिवारी तेल मिळत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. दावीद राहाबी नावाचा गृहस्थ कोकणात आला तेव्हा ही माणसं खरोखर ज्यू आहेत का, हे पाहायला त्याने बायकांना मिसळीची मासळी रांधायला दिली, अशी आमच्यात गोष्ट सांगतात. बायकांनी पर आणि खवले असलेली, म्हणजे ज्यूंना चालणारी, तेवढी घेतली, बाकीची बाजूला काढली. आमचा पुरावा तो होता, चूल. मीही इथे रोहू, कतला, मरळ घेते, झिंगे आणि वाम घेत नाही. कोळीणबाईंना सवयीने माहीत आहे, मी गेले की झिंग्यांची टोपली त्या आपणहून मागे सारतात. मटणाबरोबर दूध-दही चालत नाही म्हणून रश्शाला नारळाचं दूध. शुक्रवारी मनुका भिजत घालते, त्यांच्या सरबतावर शब्बाथचा, म्हणजे आमच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाचा, आशीर्वाद म्हणतो. हे सगळं शेजारीपाजारी जाणतात. आमच्यासाठी भाजी वेगळ्या भांड्यात काढून ठेवणारी घरं मी या गल्लीत पाहिली आहेत.

पण शाळेच्या ऑफिसला शेजार नसतो. तिथे कागदच लागतो. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, त्यामुळे फॉर्ममध्ये आमचं नाव लिहिता येतं. तारीख मात्र अजून कुठे लिहिलेली सापडत नाही. शनिवारी होणाऱ्या परीक्षांबद्दल मी काही मागत नाही. तो प्रश्न मोठा आहे आणि आम्ही आजवर आमच्या परीने तो सोसत आलो आहोत. वर्षातले पाच-सहा दिवस फक्त चौकटीत यावेत.

नात यंदा दहावीत आहे. सप्टेंबरमध्ये चाचण्या आहेत, वेळापत्रक अजून लागलेलं नाही. म्हणून हे पत्र आत्ताच लिहिते आहे.

या वर्षीच्या तारखा देते. प्रत्येक दिवस आदल्या संध्याकाळी सुरू होतो. नव्याचा सण शनिवार, १२ सप्टेंबर. दारफळणी सोमवार, २१ सप्टेंबर. शिळा सण मंगळवार, २२ सप्टेंबर. जमल्यास दारफळणीचा उल्लेख २० तारखेच्या, रविवारच्या अंकातही यावा, म्हणजे नातीला तो कागद सोमवारच्या आधीच हातात मिळेल. पुढच्या वर्षीच्या तारखा मी जानेवारीत स्वतः आणून देईन.

शाळेला अवघड वाटू नये म्हणून माझं नाव छापू नये, ही विनंती.

आपली,
एक जुनी वाचक
अजनी, नागपूर