सकाळी सहाच्या बॅचच्या काकूंना

काकू, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मी कधी विचारलंच नाही. नाशिकला त्र्यंबक रोडच्या पोहण्याच्या तलावावर सगळे काकू म्हणायचे, मीही म्हणू लागले. म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर. कुणीतरी तुम्हाला नक्की वाचून दाखवेल.

मी पंचवटीत वाढले, तरी पाण्याची धास्ती होती. पूर आला की गंगेचं, म्हणजे आपल्या गोदावरीचं, पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठवर चढलं, याच गप्पा ऐकत मोठी झाले. एक्केचाळिसाव्या वर्षी तलावात उतरले तेव्हा हातातली दांडी सुटेना. तुम्ही स्वतःचं पोहणं सोडून पंधरा दिवस माझ्याशेजारी उभ्या राहिलात. "श्वास धरून ठेवू नकोस गं, पाण्यात सोड. येऊ देत बुडबुडे."

काकू, गेल्या महिन्यात मी बालीत तुलांबेनला स्कूबा डायव्हिंग केलं! तिथे किनाऱ्याला लागूनच 'लिबर्टी' हे मालवाहू जहाज बुडालेलं आहे. जानेवारी १९४२ मध्ये जपानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने ते जायबंदी झालं, म्हणून ओढून किनाऱ्याला लावलं. १९६३ मध्ये आगुंग ज्वालामुखी भडकला आणि ते पुन्हा समुद्रात घसरलं. आपले हवेचे जड सिलेंडर गावातल्या बायका डोक्यावरून गोट्यांतून वाहून आणतात. त्यांचेही आभार मानायलाच हवेत.

खाली लोखंड शोधावं लागतं, इतकं प्रवाळ आणि स्पंज त्यावर वाढलंय. खोलात लाल रंग उरत नाही, सगळं निळं-करडं. इन्स्ट्रक्टरने टॉर्च लावला आणि काळपट वाटणारी फांदी कुंकवासारखी लाल झाली. वाळूतून बारीक ईल मासे माना काढून डोलत होते, जवळ गेलं की बिळात गडप. कपाळावर टेंगूळ असलेले मीटरभर लांब पॅरटफिश कळपाने आले. प्रवाळ फोडून खातानाचा त्यांचा कडकड आवाज पाण्यातही ऐकू येतो.

जहाजाच्या फासळ्यांजवळ मात्र एकदम घाबरले आणि श्वास अडकला. डायव्हिंगमध्ये श्वास कधीच रोखायचा नसतो. वर येताना दाब कमी होऊन फुप्फुसातली हवा फुगते, अडवली तर इजा होते. हे सगळं मला पाठ होतं. पण त्या क्षणी आठवला तो तुमचा आवाज. सोडला श्वास, काकू. बुडबुडे वर गेले, मी तिथेच शांत तरंगत राहिले.

तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्याचं कळलं. मोबाइलवर तुम्हाला नीट दिसत नाही, म्हणून पॅरटफिशचे मोठे फोटो छापून घेतलेत. पोहण्याच्या पिशवीतच ठेवलेत.

तुमची,
सहाच्या बॅचमधली