बॉनेट उघडून तरी बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात तुमच्याकडे एका वाचकाचं पत्र आलं होतं, की जुन्या गाड्या मॉडिफाय करणारे सगळे लोकांची झोप उडवणारे, सरळ गाड्या जप्त करा. झोपेचं मान्य आहे, एफसी रोडवर रात्री फटाके फोडत जाणाऱ्या सायलेन्सरला मीपण शिव्या घालतो. पण बॉनेटखाली हात घालणारा प्रत्येक जण त्यातला नसतो हो. माझं वय ५८, गाडी २००४ ची मारुती एस्टीम, १२९८ सीसी, नवी होती तेव्हा ८५ बीएचपी, म्हणजे ८५ घोड्यांची ताकद, आणि वजन जेमतेम पावणेनऊशे किलो, त्यामुळे ही गाडी काय पळायची ते ज्यांनी चालवलीय त्यांनाच माहीत.

दोन वर्षांपूर्वी ती बोपदेव घाटात धापा टाकायला लागली. सासवडला जाताना चार माणसं, एसी चालू, की सेकंड गिअर टाकल्याशिवाय वळण चढेना. चिरंजीव म्हणाले बाबा कोन फिल्टर, म्हणजे डब्याशिवायचा शंकूसारखा उघडा एअर फिल्टर टाकू, पिकअप वाढतो. टाकला. गॅरेजवाल्याने कंपनीचा फिल्टरचा डबा काढला, पुढून गार हवा आणणारी नळी काढली, वर एक्झॉस्टवरचा उष्णता अडवणारा पत्रापण काढून टाकला, का तर म्हणे खालचं चकचकीत दिसतं! आवाज एकदम रेसच्या गाडीसारखा यायला लागला, चिरंजीव खूश, मीपण चार दिवस खूशच होतो खोटं कशाला बोलू, पण घाटात गाडी होती तिथेच.

मग मी मल्टीमीटरची तापमानाची वायर फिल्टरपाशी बांधली आणि स्वारगेटवरून कात्रजपर्यंत सिग्नल खात गेलो. बाहेर ३४ अंश, फिल्टरपाशी ६१. आता गरम हवा विरळ असते हे शाळेतलंच आहे, ढोबळ हिशेब केला तर इंजिनला आठ टक्के हवा कमी मिळत होती, म्हणजे ८५ घोड्यांतले सात घोडे घरीच बसलेले. त्यात पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर वर, पाच-एक टक्के आधीच गेलेले. हायवेला वारा लागतो तेव्हा फरक कमी पडतो, पण घाटात आणि गावात वारा कुठून आणणार. म्हणजे पैसे देऊन मी आवाज विकत घेतला होता, बाकी काही नाही.

जुना डबा नशिबाने माळ्यावर होता, तो परत बसवला. मधे चिरंजीवांनी दुसरी आयडिया काढली की नळी बंपरच्या खाली आणू, तिथे हवा सगळ्यात गार. मी म्हटलं बाबा रे, आपण अरण्येश्वरला राहतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने आमच्या भागात काय केलं ते आम्ही पाहिलंय, गाड्या काडेपेट्यांसारख्या एकमेकींवर चढल्या होत्या. खाली आणलेली नळी एका मोठ्या डबक्यातसुद्धा पाणी ओढते, आणि पाणी काही हवेसारखं दाबलं जात नाही, इंजिनातला पिस्टनचा दांडा, कनेक्टिंग रॉडच वाकतो. वर इन्शुरन्सवाले विचारणार ही नळी कंपनीची आहे का. विषय संपला.

खरं काम नंतर झालं, आणि त्यात दाखवण्यासारखं काहीच नाही. रेडिएटर खोलला तर आत गंजाचा चिखल, कारण वर्षानुवर्षं जो तो मिस्त्री बोअरचं पाणी ओततोय. साफ केला, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं. रेडिएटरचं झाकण बदललं, ते दाब धरतं म्हणून पाणी शंभरच्या पुढे गेलं तरी उकळत नाही, त्याची स्प्रिंग मेली की गाडी हीट होणारच. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, कुणीतरी काढूनच टाकला होता, तो नवीन घातला. थ्रॉटल बॉडी, प्लग, प्लगच्या वायरी, टॅपेट, हेही सगळं बघून घेतलं. अर्थिंगची केबल हिरवी पडलेली, ती बदलली. एक्झॉस्टवर पत्रा परत. सगळं मिळून कोन फिल्टरपेक्षा थोडाच जास्त खर्च आला आणि आता बोपदेवच्या त्याच वळणावर गाडी थर्डवर चढते, एसीसकट.

कायद्याचं म्हणाल तर मलाही माहितीये. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा आरसीवरची माहिती वेगळी होईल असा बदल करता येत नाही, सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हेच सांगितलंय, आणि परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूदही आहे. एस्टीममध्ये बलेनोचं १.६ इंजिन बसतं, हौशी लोक बसवतातही, पण मग इंजिन नंबर बदलला म्हणजे आरसी बदलायलाच पाहिजे, ते न करता फिरणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. पण रेडिएटर साफ करणारा आणि सायलेन्सर कापणारा एकाच माळेत कशाला ओवता?

आणि मुख्य सांगायचंय ते हे. आवाज ऐकू येतो म्हणून पोलीस पकडतात, ठीक. जे ऐकू येत नाही त्याचं काय? माझी गाडी २०१९ ला आणि परत २०२४ ला रिपासिंग, म्हणजे पंधरा वर्षांनंतरची आरटीओची फेरतपासणी, होऊन आली, दोन्ही वेळा चेसिस नंबर बघितला, पीयूसी बघितलं, पेट्रोलचा होज, म्हणजे रबरी पाइप, कुणी बोटाने दाबूनसुद्धा बघितला नाही. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल अडीच-तीन बार दाबाने येतं. नाना पेठेत नुसता 'पेट्रोलचा पाइप द्या' म्हटलं तर कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीचा कमी दाबाचा साधा पाइपपण हातात पडू शकतो, दिसायला सेम, आणि तो गरम एक्झॉस्टच्या वीतभर अंतरावर फुगून बसतो. त्यात आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल, लिटरमागे इथेनॉलची ताकद पेट्रोलच्या दोन तृतीयांशच म्हणून ॲव्हरेज पडतं त्याची सगळे बोंब मारतात, पण वीस वर्षांच्या रबराला ते मानवत नाही हे कुणी बोलत नाही. माझा होज वाकवला तर भेगा दिसत होत्या. शिवाय हॉर्न, लाइट, म्युझिक सगळं फ्यूज आणि रिलेशिवाय थेट बॅटरीवर टाकलेल्या गाड्या तर गल्लोगल्ली उभ्या आहेत.

पंधरा वर्षांपुढच्या गाडीच्या तपासणीत बॉनेट उघडून होज, क्लिपा, बॅटरीच्या वायरी आणि फ्यूज बघायचे, एवढं एक पान फॉर्मला जोडलं तरी चालेल. पाच मिनिटांचं काम आहे, टॉर्च लागला तर मी माझा आणून देतो.

पत्र छापलंत तर कलम ५२ चा आकडा तेवढा नीट बघा, उलटा पडून २५ झाला तर सोसायटीतले वकील मला जिन्यात गाठतात.

— एक एस्टीमवाला, अरण्येश्वर, पुणे