लायसन्स ऑफिसच्या समोरचं घर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र मिळालं. शहराच्या कडेला, लायसन्स ऑफिसच्या अगदी समोर घर मिळतंय, पण दिवसभर शिकाऊ गाड्यांची वर्दळ असते, शिवाय लेकही आता गाडी शिकायची म्हणते, तेव्हा घ्यावं की नको, असं विचारलं आहेस. मी अशाच एका ऑफिसच्या मागच्या गल्लीत राहतो. एवढंच सांगतो, की त्या गाड्यांच्या धास्तीने घर सोडू नकोस.

गैरसोय आहेच. गाडीच्या परीक्षेच्या ट्रॅकला मोकळी जागा लागते, म्हणून ही ऑफिसं बहुधा गावाबाहेर जातात, आणि मागोमाग फोटोवाले, फॉर्म भरून देणारे, ड्रायव्हिंग स्कूलवाले येतात. सकाळी ऑफिस उघडायच्या आधीच फाटकाशी रांग लागते. दुपारी काउंटर बंद झाले की सगळं एकदम ओसरतं. पार्किंगचं मात्र आधी नीट बघून घे. लोक दारासमोर गाडी लावून खुशाल आत जातात.

पण शिकाऊ गाडी म्हणजे धोका, हे डोक्यातून काढून टाक. आमच्या कोपऱ्यावर थोडा चढ आहे. परवा तिथे एक बाई अडकल्या होत्या. इंडिकेटर चालू, हँडब्रेक ओढलेला. क्लच जरा लवकर सुटला, गाडी धक्का खाऊन बंद पडली, आणि मागच्याने हॉर्नवर हात ठेवला तो काढेचना. शिकवणारा काही बोलला नाही, त्याचा पाय त्याच्या बाजूच्या ब्रेकवर होता. बाईंनी न्यूट्रल केलं, पुन्हा चावी फिरवली, आरसा बघितला आणि सावकाश वर गेल्या. तो हॉर्नवाला मात्र पुढच्या वळणावर सुसाट सुटला. ताशी 50 किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ 14 मीटर जाते. मुलं खेळतात त्या गल्लीत मला भीती वाटते ती अशा माणसांची.

आणि एक गोष्ट मला नेहमी महत्त्वाची वाटते. परीक्षा आधी रस्त्यावर होती, परीक्षेचं ऑफिस नंतर आलं. ब्रिटनमध्ये लायसन्स 1903 च्या कायद्याने आलं, पण गाडी येते की नाही हे कुणी बघतच नसे. सक्तीची परीक्षा सुरू झाली ती थेट 1935 साली, आणि तेव्हा परीक्षा केंद्रंच नव्हती. परीक्षक उमेदवाराला रेल्वे स्टेशनवर नाही तर एखाद्या बागेपाशी गाठायचा आणि तिथूनच गाडीत बसायचा. म्हणजे साध्या वस्तीतले, माणसांचे रस्ते हीच खरी परीक्षेची जागा. तुमच्यासमोरून ज्या गाड्या हळूहळू जातील, त्यांना तेवढी वाट द्यायला हवी, असं मला फार वाटतं. पुढे त्याच गाड्या आपल्या शेजारून धावणार आहेत.

आता लेकीचं. समोरच ऑफिस आहे म्हणून तिला त्याच चार रस्त्यांवर घोटवू नकोस. इथे रोज बघतो, मुलांना परीक्षेचा रस्ता तोंडपाठ असतो. या खांबापाशी सेकंड गिअर, त्या गेटपाशी इंडिकेटर. मग पुढच्या चौकात गेली की गोंधळतात. ब्रिटनमध्ये याच कारणाने 2010 पासून परीक्षेचे मार्ग जाहीर करणं बंद केलं आणि उमेदवाराने पावलोपावली सूचना न घेता काही वेळ गाडी चालवायची, असा भाग परीक्षेत घातला. तिला पावसात ने, अंधारात ने, बाजारातल्या गर्दीत ने, मोठ्या रस्त्यावर ट्रकच्या मागे राहायला शिकव. रिव्हर्स आणि पार्किंग समोरच्या रस्त्यावर होईल, ते काही मोठं नाही.

लायसन्स हातात आलं म्हणजे झालं, असं तर अजिबात समजू नकोस. शेजारी जाणतं माणूस असेपर्यंत शिकाऊ चालकाचे अपघात कमी होतात. जोखीम सगळ्यात जास्त असते ती एकट्याने चालवायला लागल्यावरच्या पहिल्या काही महिन्यांत. रात्री, आणि गाडीत बरोबरीची मुलं भरलेली असतील तर आणखीच. न्यूझीलंडने 1987 सालीच हे ओळखून टप्प्याटप्प्याचं लायसन्स आणलं. मधल्या टप्प्यात रात्री उशिरा एकट्याने चालवायचं नाही, आणि शेजारी अनुभवी चालक नसेल तर कुणाला बसवायचंही नाही. आपल्याकडे कायदा काय म्हणतो ते बाजूला ठेव, घरापुरता हा नियम तू कर. ती चिडेल, चिडू दे. मैत्रिणींना घेऊन रात्री निघायचं म्हणाली, तर तू शेजारी बस.

घर नक्की करण्याआधी कामाच्या दिवशी सकाळी एकदा तिथे जाऊन उभा राहा, वहिनींनाही ने. कागदपत्रं बघायची असतील तर मी येतो, फक्त दोन दिवस आधी कळव.

तुझाच,
मित्र