ॲपलने गाडी सोडली, मग?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ॲपलचा इलेक्ट्रिक गाडीचा बेत बारगळला त्याला आता बरेच दिवस झाले, तरी आमच्या फोंड्यात अजून लोक ऐकवतात, "ॲपलला नाही जमलं म्हणजे ईव्हीत काय दम नाही". हे काय लॉजिक? साधारण २०१४ ला काम सुरू, कंपनीने गाडीची घोषणा कधी केलीच नाही, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये बातमी की सगळं बंद, जवळपास दोन हजार माणसं त्यावर होती, त्यातली बरीच एआयकडे वळवली.

मुळात हाव मोठी. म्हणे स्टिअरिंगच नसलेली गाडी काढायची होती. ती म्हापशात शुक्रवारच्या बाजाराला घालून बघा, एकीकडून पायलट, म्हणजे आमचा मोटारसायकल टॅक्सीवाला, घुसतो, दुसरीकडून रेंटच्या स्कूटरवर मॅप बघत टुरिस्ट, आणि मधे गुरं बसलेली ती उठायचं नाव नाही.

व्हॅक्यूम क्लीनरवाल्या डायसननेही २०१९ ला गाडी सोडली, विकून पैसे सुटणार नाहीत म्हणून. पण फोनवाल्या शाओमीने २०२४ मध्ये आणलीच ना रस्त्यावर? चीनमध्ये बॅटरीवाले, पार्टवाले सगळे हाताशी, हा खरा फरक.

आणि इथे गोव्यात सरकारी कदंबच्या इलेक्ट्रिक बसेस धावतायत की. आमच्या बिल्डिंगची कमिटी मात्र पार्किंगमध्ये चार्जिंगला साधा एक पॉइंट देत नाही, तिसऱ्या मजल्यावरून वायर सोडू का? त्यावर छापा कायतरी.

– एक स्कूटरवाला, फोंडा