नावडती लोकर : रंगाआधी धाग्याची जात पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उरलेल्या, नको झालेल्या लोकरीचे काय करावे, यावर हस्तकलेच्या लेखांतून बहुधा एकच सल्ला मिळतो : सगळे गुंडे एकत्र करा आणि क्रोशाने, म्हणजे आकड्याच्या सुईने, रंगीबेरंगी चौकोनांचे पांघरूण विणा. असे पांघरूण दोन-चार धुण्यांत वेडेवाकडे होते आणि बोल मात्र विणणाऱ्याच्या हाताला लागतो.

आपण सरसकट ‘लोकर’ म्हणतो त्यात मेंढीची लोकर, अ‍ॅक्रिलिक आणि सुती असे निदान तीन स्वभावांचे धागे असतात. खरी लोकर गरम पाण्यात घुसळली की आटून घट्ट होते, अ‍ॅक्रिलिक होते तेवढेच राहते. शेजारी जोडलेले या दोन धाग्यांचे चौकोन एकमेकांना ओढतात आणि कडेला चुण्या पडतात. लेबल हरवले असेल तर बोटभर तुकडा चिमट्यात धरून मोरीत किंवा सिंकवर जाळून पाहावा. केस जळल्यासारखा वास आला, ज्योत दूर करताच धागा विझला आणि राख बोटाने चुरली तर ती लोकर. वितळून काळा, टणक मणी झाला तर अ‍ॅक्रिलिक. कागदासारखा भराभर जळून मऊ राख उरली तर सुती. मिश्र धाग्यात खुणाही मिसळलेल्या दिसतात. त्याचा नमुना विणून, धुऊन, मोजल्याशिवाय पुढे जाऊ नये.

जाडीचे गणित अनेकांना चकवते. पट्टीवर धागा न ताणता शेजारी शेजारी गुंडाळावा आणि 2.5 सेंमीत किती वेढे बसतात ते मोजावे. एकाच कामातल्या धाग्यांत एक-दोन वेढ्यांचा फरक चालतो. पातळ धागा जाड धाग्याच्या जोडीला बसवायचा तर दोन पदर घेतले म्हणजे झाले, असे समजतात. पण दोन पदरांनी जाडी दुप्पट होत नाही, सुमारे 1.4 पट होते. म्हणजे 18 वेढ्यांचा धागा दुपदरी केला की तो 13 वेढ्यांच्या जवळ येतो, 9 च्या नव्हे. 9 वेढ्यांशी बरोबरी करायला चार पदर लागतील. तेवढा खटाटोप करण्यापेक्षा त्या पातळ धाग्याचे वेगळेच काही विणलेले बरे.

आता नावड. ती का आहे हे कळले की काय विणायचे ते आपोआप ठरते. टोचरी लोकर गळ्याभोवतीच्या कामाला घेऊ नये. पिशवी, बसकर, पायपुसणे यांना तिचा खरखरीतपणा उलट उपयोगीच पडतो. पिशवी मात्र मुक्या खांबांची (क्रोशाचा बुटका, घट्ट टाका) आणि नेहमीपेक्षा एक नंबर बारीक सुईने विणावी. उंच खांबांची वीण सामान भरताच लोंबते. गरम भांडी धरायचे रुमाल विणायचे तर फक्त सुती धागा आणि तोही दुहेरी थरात. अ‍ॅक्रिलिक तापलेल्या भांड्याला चिकटून वितळते, हात भाजतो. या बाबतीत रंग आवडला म्हणून सूट देऊ नये.

रंगच नकोसा असेल तर एक मुका खांब, एक साखळी (नुसता धागा ओढून केलेला सुटा टाका) अशी वीण घ्यावी. पुढच्या ओळीत मुका खांब मागच्या साखळीच्या जागेत येतो, त्यामुळे रंग ठिपक्यांसारखे एकमेकांत मिसळतात आणि भडक पोपटीसुद्धा राखाडी किंवा गडद निळ्याच्या सोबतीने निवतो. दर ओळीला रंग बदलायचा तर तीन रंग घ्यावेत. पहिला धागा डाव्या कडेला थांबतो आणि चौथी ओळ तिथूनच सुरू होते. धागा कापावा लागत नाही. दोन रंगांत हे जमत नाही, हवा असलेला धागा नेमका पलीकडच्या कडेला असतो. गडद लाल किंवा निळा धागा घेण्याआधी ओल्या पांढऱ्या फडक्यात दाबून ठेवावा. फडक्याला डाग लागला तर तो फिक्या रंगाशेजारी नको.

पुरेल की नाही, याचा अंदाज नजरेने घेऊ नये. स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो. ओळीआधी गुंडा 46 ग्रॅम आणि ओळीनंतर 42 भरला, तर आणखी दहा ओळी निघतील, अकराव्या ओळीच्या भरवशावर राहू नये. कोपऱ्यातून कोपऱ्याकडे जाणारा चौकोन विणताना गुंडा अर्ध्या वजनावर येण्याच्या जरा आधीच टाके कमी करायला लागावे. चौकोनांच्या पांघरुणासाठी जोडणीचा आणि कडेचा एकच रंग सुरुवातीलाच बाजूला काढावा. तो शेवटी कमी पडला की सगळे काम अडकते, आणि अपुऱ्या पांघरुणांचे हेच मोठे कारण दिसते.

शेपटे, म्हणजे धाग्याची सुटी टोके, 15 सेंमीचे सोडावेत आणि शिवणाच्या जाड सुईने तीनदा दिशा बदलून आत घालावेत. नुसत्या गाठीवर विसंबू नये. गुळगुळीत अ‍ॅक्रिलिकची गाठ वापरात सुटते.

आपल्या दैनिकात क्रोशाचे नमुने छापताना धाग्याची जात, ग्रॅममधले वजन आणि सुईचा मिलिमीटरमधला आकार या तीन गोष्टी छायाचित्राखाली द्याव्यात, ही विनंती. ‘लोकर आवश्यकतेनुसार’ एवढ्यावर कोणालाही काही विणता येत नाही.

आपली,
क्रोशा विणणारी एक वाचक